फिनलंड की आयर्लंड : प्रकल्पासाठी कोणता देश घ्यावा?

छोट्या युरोपीय देशातलं औद्योगिक उत्पादन शंभरेक वर्षांत कसं वाढलं, यावर प्रकल्प करायचा तर फिनलंड आणि आयर्लंड ही जोडी समोर येतेच. लोकसंख्या दोन्हीकडे पन्नास-साठ लाखांच्या मधली, स्वातंत्र्य १९१७ आणि १९२२ चं, सुरुवात दोघांचीही शेतीवर जगणाऱ्या देशाची. माझं मत आधीच सांगते : उद्योग अभ्यासायचा असेल तर फिनलंड घ्या.

आलेख आयर्लंडचाच जास्त देखणा दिसतो, पण दुरून डोंगर साजरे. २०१६ च्या जुलैमध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं की आदल्या वर्षी जीडीपी २६ टक्क्यांनी वाढला. रोजगार वाढला होता अडीच टक्क्यांच्या आसपास! झालं होतं असं, की बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयरिश उपकंपन्यांच्या नावावर केली. मग परदेशातल्या कंत्राटी कारखान्यात बनलेला, आयर्लंडचं बंदर कधी न पाहिलेला मालही मालकी आयरिश म्हणून त्यांच्या खात्यावर चढला. हिशेब नियमानुसारच होता, पण त्यातून देशाची खरी स्थिती कळेना. म्हणून २०१७ पासून तिथे सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढतात. म्हणून २०१५ हे पायाभूत वर्ष मानून त्याची पातळी १०० धरलेली (२०१५ = १००) उत्पादनाची मालिका हाती आली तर जरा जपून.

याचा अर्थ तिथे उद्योगच नाही असा नव्हे. रिंगास्किडीतले औषध कारखाने, लेक्सलिपमधला इंटेलचा चिप कारखाना हे सगळं खरंच उभं आहे. आयर्लंडच्या फाळणीत बेलफास्टची जहाजबांधणी उत्तर आयर्लंडकडे, म्हणजे ब्रिटनकडे राहिलेल्या या देशाने १९५८ नंतर दारं उघडली आणि परकी भांडवल आणलं, ही कथाही दमदार आहे. फक्त ‘आधुनिक’ आणि ‘पारंपरिक’ उद्योगांचे निर्देशांक वेगवेगळे काढा, आणि रोजगाराशी ताडून बघा.

फिनलंडची वार्षिक मालिका थेट १८६० पासून मिळते, आणि तिच्यातल्या बहुतेक चढउतारांमागे खरीखुरी यंत्रं आणि माणसं सापडतात. टांपेरेच्या कापड गिरण्या, मग लाकूड आणि कागद. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलरची (१९३८ च्या भावाने) भरपाई मालाच्या रूपात द्यायची होती आणि त्यातला मोठा वाटा जहाजं नि यंत्रांचा होता. कागदावर जगणाऱ्या देशाला धातुउद्योग वाढवावाच लागला. १९५२ मध्ये भरपाई फिटली, तरी मॉस्को गिऱ्हाईक म्हणून राहिलं. १९९१ मध्ये तेही गेलं आणि मंदीने देश हादरला. त्यातून वर काढायला नोकियाचा मोठा हातभार लागला. २००८ नंतर मात्र फोन आणि कागद दोन्ही घसरले, आणि औद्योगिक उत्पादनाला त्याआधीची उंची पुढच्या दहा वर्षांतही परत गाठता आली नाही. चढण आणि उतरण दोन्ही एकाच देशात मिळतात, म्हणून मला हे उदाहरण जास्त आवडतं.

आलेख लॉग मापावर (जिथे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच उंचीची दिसते) काढा. साध्या मापावर १९५० च्या आधीचं सगळं तळाशी चिकटून बसतं.

तुमचे मार्गदर्शक करप्रणाली किंवा राष्ट्रीय लेख्यांचे (देशाच्या उत्पन्न-उत्पादनाच्या हिशेबाचे) अभ्यासक असतील तर मात्र आयर्लंडच घ्या. २०१५ या एका वर्षावरच अख्खं प्रकरण लिहून होईल.