आठवणी बोलून लिहायच्या तर: गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग

प्रसंग छान रंगवून सांगता येतो, पण लिहायला बसलं की पुस्तकी भाषा येते, अशांनी पहिला खर्डा गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगवर करावा, म्हणजे आपण बोलायचं आणि ते आपोआप टाइप होतं. सोय फुकट आहे. संगणकावर क्रोममध्ये डॉक्स उघडा, ‘टूल्स’मधून व्हॉइस टायपिंग घ्या, माइकच्या वरच्या यादीत मराठी निवडा. फायदा लगेच दिसतो. ‘आमचे बालपण अतिशय आनंदात व्यतीत झाले’ असं कुणी बोलत नाही. ‘आजी चुलीपुढे बसली की आम्हाला तिथून हाकलायची’ असंच तोंडून येतं. आत्मपर लेखाला हाच सूर हवा!

विरामचिन्हं मात्र हातानं घालावी लागतात. गावांची, माणसांची नावं आणि बोलीतले शब्द हमखास चुकतात. म्हणून एका बैठकीत एकच प्रसंग, फार तर दहा मिनिटं, आणि दुरुस्ती त्याच दिवशी. आठवड्यानं वाचलं तर चुकलेल्या शब्दाच्या जागी मूळ काय होतं तेच उमगत नाही. दुसऱ्या खर्ड्यात ‘मग’, ‘म्हणजे’, ‘तर’ छाटा. सुरुवातीची पार्श्वभूमी बहुतेकदा अख्खी उडवता येते. खरा लेख तिसऱ्या-चौथ्या वाक्याला सुरू होतो. काय ठेवायचं, काय गाळायचं हे साधन सांगत नाही, त्यासाठी परखड वाचक गाठावा.