ठाण्यात विकल्या गेलेल्या हिमदवाच्या तारखा

घोडबंदर रस्त्यावरील एका प्रदर्शनात परदेशी भाज्यांच्या बियाण्यांचा संच विकणाऱ्या विक्रेत्याने माझ्याकडून साडेचार हजार रुपये घेतले. संचासोबत ‘तुमच्या पिनकोडनुसार खास तयार केलेले’ असे सांगून लागवडीचे एक कॅलेंडर दिले होते आणि खरी फसवणूक त्या कॅलेंडरातच होती. त्यात ठाण्याचा ‘झोन’ देऊन खाली ‘शेवटचे हिमदव : 15 एप्रिल’ असे छापले होते; म्हणजे त्या तारखेनंतर दव गोठत नाही, तेव्हा रोपे बाहेर लावावीत. मुंबईत सांताक्रूझला 1962 च्या जानेवारीत नोंदलेले नीचांकी तापमानसुद्धा 7.4 अंश होते. अशा हवेत दव गोठणार कसे?

झोनची कल्पना खोटी नाही, म्हणूनच तिच्या आडून फसवणे सोपे जाते. हे झोन ठरवणारा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा हिवाळ्यातील नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून प्रदेशांचे 13 झोन पाडतो आणि बहुवर्षायू झाड तिथल्या थंडीत तगेल का, एवढेच सांगतो. ऊन, दमटपणा आणि पाऊस यांचा त्यात विचार नाही. हिमदवाची तारीख हे त्याहून वेगळे गणित आहे; विक्रेत्याने दोन्हींची मोट बांधली होती.

कॅलेंडरप्रमाणे टोमॅटोची रोपे मे महिन्यात कुंड्यांत लावली. रात्रीही उकाडा राहिल्याने फळधारणा झालीच नाही. पिवळी फुले देठाच्या सांध्यातून सुटून कुंडीतल्या मातीवर पडत राहिली आणि जूनच्या पावसात उरलेली रोपे मुळांपासून कुजली. आपल्याकडे टोमॅटो, कोबी, फुलकोबीचे बी पाऊस ओसरू लागल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकतात, तर भेंडी आणि दुधी जूनच्या पहिल्या पावसावर लावतात. कोकणातल्या कोणत्याही वाडीत हे फुकट कळते.

उरलेली पाकिटे नीट पाहिली, तेव्हा तारखेवर चिकटवलेला कागद नखाने निघाला आणि खाली उगवण चाचणीची दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली. लेबलवरील वैधता चाचणीपासून साधारणतः नऊ महिन्यांची असते, त्यामुळे ही तारीख आणि उगवणशक्तीची टक्केवारी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तक्रार केल्यावर त्याने ‘सुधारित’ कॅलेंडर आणखी आठशे रुपयांना देऊ केले, याचा मला अजूनही संताप येतो. ज्यांनी असा संच घेतला असेल, त्यांनी पावती, पाकिटे आणि कॅलेंडर जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.