पेशीतला संकेत ओळखायचा आहे: जनुक, कात्री की फॉस्फेट?

पेशीपटलावरचा रिसेप्टर (बाहेरचा संकेत पकडणारं प्रथिन) जागा झाला की आत प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा पडायला काही सेकंदही पुरतात. तो संकेत ओळखून उत्तर देणारं सर्किट, म्हणजे जनुकांची किंवा प्रथिनांची जोडणी, बांधायचं असेल, तर आधी एकच ठरवा: दिलेलं उत्तर मागे घेता यायला हवं का? अर्धी निवड तिथंच होते.

जनुकांचं सर्किट ही मळलेली वाट. २००० साली जीवाणूंमध्ये टॉगल स्विच (दोनपैकी एका स्थितीत टिकणारी कळ) आणि रिप्रेसिलेटर (लयीत चालू-बंद होणारं सर्किट) चालले, तेव्हापासून हाताशी भरपूर सुटे भाग आहेत. पण संकेत, मग आरएनए, मग प्रथिन, यात तास जातात. पेशीला जुनी घटना लक्षात ठेवायला लावायची असेल तर मात्र मी हीच वाट धरेन.

प्रोटिएज म्हणजे प्रथिनांची कात्री. टीईव्ही ही तंबाखूच्या एका विषाणूची, दुसरी हिपॅटायटिस सी विषाणूची. प्रत्येक कात्री आपापली अमिनो आम्लांची ओळ पाहूनच कापते. कॅलटेकच्या एलोविट्झ गटानं २०१८ मध्ये एका कात्रीला दुसरी निकामी करायला लावून लॉजिक गेट (‘आणि’, ‘किंवा’ असे निर्णय घेणाऱ्या जोडण्या) बांधले आणि रास मार्ग (पेशीला वाढायला सांगणारा संकेतमार्ग) चेतवला गेलेल्या पेशींना मृत्यूकडे वळवलं. मला त्याहून भावतं ते स्टॅनफर्डच्या लिन गटाचं २०१९ चं ‘रेझर’. त्यात हिपॅटायटिस सीची कात्री आणि पटलाला बांधलेला ऐवज (उत्तर म्हणून सोडायचं प्रथिन), दोन्ही येऊन चिकटतात ते फॉस्फेट लागलेल्या ईआरबीबी या वाढीच्या रिसेप्टरला. कात्री मुद्दाम संथ ठेवलेली. संकेत क्षणभर आला तर फारसं काही कापलं जात नाही. कर्करोगातल्यासारखा तो अखंड चालू राहिला, तरच ऐवज सुटतो. संथपणाचा इतका सुंदर उपयोग मी क्वचितच पाहिला आहे. शिवाय हिपॅटायटिस सीची औषधं या कात्रीला आयता ब्रेक देतात. उणीव एकच, पण मोठी: कापलेलं पुन्हा जुळत नाही. नवं प्रथिन तयार होईपर्यंत थांबावं लागतं.

मागे घेता येणारं उत्तर हवं असेल तर फॉस्फेटकडे या. किनेज तो लावतं, फॉस्फेटेज काढतं. राइस विद्यापीठाच्या बॅशर गटानं मानवी पेशींत अशी कृत्रिम साखळी उभी केल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. वेग नैसर्गिक मार्गांच्या तोडीचा. पण दोन्ही एन्झाइमांचा तोल जमवणं चिवट काम आहे, आणि पेशीतल्या मूळ किनेजांची लुडबुड वेगळीच.

पहिलाच प्रकल्प असेल तर माझं मत कात्रीला. चूक कुठं झाली ते जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) दिसतं: अखंड प्रथिनाचा पट्टा आणि त्याखाली कापलेल्या तुकड्याचा. संकेत नसतानाही खालचा पट्टा उमटला तर सर्किट गळतंय. आधी प्लाझ्मिडचं (सर्किटची जनुकं पेशीत नेणाऱ्या डीएनए-वर्तुळाचं) प्रमाण कमी करून पाहा. आणि निकामी कात्रीचा नमुना पहिल्या दिवसापासून तुलनेसाठी शेजारी लावा. टीईव्हीत १५१ व्या जागच्या सिस्टीनऐवजी अॅलनिन घातलं की तेवढं काम होतं.