रोलरबॉलचं किट: स्वस्त, मधलं की भारी?

लेथवर लाकडाची बॉलपेनं जमायला लागली की पुढचा मोह रोलरबॉलचा. किटं, म्हणजे टोपण, क्लिप, लाकडाच्या आत बसणाऱ्या नळ्या असे लाकूड सोडून पेनाचे बाकीचे सुटे भाग, डझनावारी दिसतात, पण विकायच्या दृष्टीने बघितलं तर ती तीन गटांत मोडतात: दाबून बसणाऱ्या टोपणाचं स्वस्त किट, आट्यांच्या टोपणाचं मधलं, आणि ऱ्होडियम किंवा काळ्या टायटॅनियमचा मुलामा असलेलं भारी. जळगाव-धुळ्यात विकणार असाल तर मधलं घ्या, असं माझं मत. त्यामागे आधी ऊन आहे, मग हिशोब.

बॉलपेनची शाई तेलकट असते, रोलरबॉलची पातळ, पाण्यावर आधारलेली. भुसावळकडच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी. अशा दिवसांत टोपण आतून घट्ट बसत नसेल तर टोकावरची शाई वाळते आणि पहिली सही उमटतच नाही. स्वस्त किटांत इथेच काटकसर केलेली असते. टोपणाचे सुटे भाग नुसते जुळवून तोंडाने फुंकर मारा. हवा दुसरीकडून निघून गेली तर ते किट आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी नाही. आट्यांचं टोपण उघडायला दोन क्षण जास्त लागतात, पण ते खिशात सुटत नाही. तलाठी किंवा बँकेतला माणूस दिवसभर उघडझाप करतो, त्याला आटे कंटाळवाणे वाटतात, हेही खरं. त्याला बॉलपेनच द्यावं.

मुलाम्याच्या बाबतीत जळगावच्या गिऱ्हाइकाला सोनं शिकवायला जाऊ नका. सोन्याचं पाणी दिलेली क्लिप घामाने आणि बोटांच्या घासण्याने लवकर उघडी पडते, आणि सराफ बाजार असलेल्या गावात ते पटकन ओळखलं जातं. पिवळाच रंग हवा असेल तर टायटॅनियम नायट्राइडचा थर असलेलं किट बघा. दिसतं सोन्यासारखं, टणक मात्र कितीतरी जास्त. साधा क्रोम स्वस्तही आहे आणि टिकतोही. ऱ्होडियमचा पांढरा झळाळ सुंदरच, फक्त त्याचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक आधी डोळ्यांसमोर हवं.

रिफिल पार्कर पद्धतीची बॉलपेनची 98 मिलिमीटरची, रोलरबॉलची साधारण 110. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. किटातली रिफिल घेऊन गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जा. तिथे तशी मिळत नसेल तर ती संपल्यावर गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करणार.

आणखी एक खर्च किटाच्या पाकिटावर लिहिलेला नसतो. प्रत्येक किटाचे बुश, म्हणजे लाकूड कुठवर कातायचं ते दाखवणारी लेथवरची कडी, वेगळे, आणि बहुतेक रोलरबॉलला टोपणासाठी एक व खालच्या नळीसाठी दुसरं अशी दोन मापांची ड्रिल लागतात. चार प्रकारची किटं हौसेने आणली की हत्यारांतच पैसे अडकतात. मधल्या गटातल्या बऱ्याच किटांची फाउंटन पेनाची जोडी त्याच नळ्यांवर आणि बुशांवर बनते. एका सामानात दोन माल.

आता भाव. ‘किटाच्या तिप्पट’ हा नियम पेन करणाऱ्यांत चालतो. तो तपासून बघू. समजा किटं 350, 900 आणि 2,200 रुपयांची पडली. पेन कोणतंही असो, दोन तास जातातच. तासाचे 200 धरले तर मजुरी 400. लाकूड, गोंद, पॉलिश पेपरचे 100. फुटलेल्या ठोकळ्यांपोटी 50. डबी पहिल्या दोघांना 60, भारीला 150. म्हणजे घरात पडलेली किंमत 960, 1,510 आणि 2,900. तिपटीने भाव येतो 1,050, 2,700 आणि 6,600. स्वस्त पेनामागे 90 रुपये सुटले! आणि 6,600 ला ‘कितलाले?’ विचारणारे भेटतील, घेणारे क्वचित.

म्हणून पडलेल्या किमतीवर 40 टक्के चढवून बघा: साधारण 1,350, 2,100 आणि 4,050. घरून विकायला हे ठीक. दुकानात ठेवलंत आणि दुकानदाराने 30 टक्के घेतले, तर 2,100 मधले 630 गेले, हातात 1,470, म्हणजे पदरचे 40 घातले. मधल्या पेनाचा भाव 2,600 ठेवा. दुकानाचा वाटा जाऊन 1,820 उरतात. आणि घरी येणाऱ्यालाही तोच भाव सांगा, नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही.

लाकडाने भाव वाढतो का? नुसत्या सागाने नाही. सागवान आपल्याकडे दाराच्या चौकटीत रोज दिसतं. शिवाय त्याची छिद्रं भरल्याशिवाय चकाकी येत नाही आणि ते हत्याराची धारही खातं. अंजन भयंकर कठीण आणि जड. लेथवर दमवतं, पण गुळगुळीत झाल्यावर बघत राहावं असं. खरे पैसे येतात ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या लाकडाला. धाब्याचं घर पाडताना निघालेल्या सऱ्याचा तुकडा घेऊन कुणी आलं, आणि वडिलांच्या पंचाहत्तरीला पेन हवं म्हणालं, तर तिथे भारी किट बेलाशक सुचवा. लाकूड त्याचं आहे म्हणून भाव मात्र उतरवू नका. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात, ते शोधून काढण्याचा वेळ उलट वेगळा लावा, आणि लाकूड कापण्याआधीच तसं सांगा.