घरातले इलेक्ट्रॉनिक्सचे कामाचे टेबल : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोल्डरिंग स्टेशन कोणते घ्यावे, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप (स्कोप) किती मेगाहर्ट्झचा असावा यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ही उपकरणे ज्यावर मांडायची ते टेबल, त्याचे वायरिंग आणि वरचा उजेड यांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमधील लहान बेडरूममध्ये मी असे टेबल करून घेतले, त्याला आता नऊ महिने झाले आहेत. त्यावर जुने ट्रान्झिस्टर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होतात, सोसायटीतल्या लोकांचे एलईडी ड्रायव्हर आणि इंडक्शन शेगडीचे बोर्ड येतात आणि अधूनमधून एखादे मायक्रोकंट्रोलरचे कामही चालते. या काळात माझे मत असे झाले आहे की हाताशी असलेल्या पैशांतील निदान तिसरा हिस्सा टेबल, वायरिंग आणि प्रकाश यांसाठी आधीच बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत बसतील तेवढीच उपकरणे घ्यावीत.

टेबलासाठी १९ मिलिमीटर जाडीचे, ओलावा सहन करणारे बीडब्ल्यूआर प्रतीचे प्लायवूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणले. ८ बाय ४ फुटांची शीट ५ फुटांवर कापली की एका तुकड्यातून ५ बाय अडीच फुटांचा पृष्ठभाग आणि ५ बाय दीड फुटांची वरची फळी निघते, तर उरलेल्या ३ बाय ४ फुटांत बाजूचे कप्पे बसतात. समोरच्या कडेपासून भिंतीपर्यंत अडीच फूट जागा कमी वाटेल म्हणून सुतारकाका तीन फुटांचा आग्रह धरत होते, पण बसल्या जागेवरून हात भिंतीपर्यंत पोहोचलाच पाहिजे या मुद्द्यावर मी अडून राहिले. आज वरच्या फळीवरील प्रत्येक बटण खुर्चीवरून न उठता दाबता येते. उंची ३० इंच ठेवली असून पाय चौकोनी लोखंडी पाइपच्या चौकटीचे आहेत. लोखंडी चौकटीवर विजेचा बोर्ड बसणार असेल, तर ती चौकट हिरव्या वायरने अर्थिंगला जोडून घेणे अत्यावश्यक आहे. फॅब्रिकेटर ते करत नाही आणि इलेक्ट्रिशियनला सांगितल्याशिवाय त्याच्याही लक्षात येत नाही.

पृष्ठभागावर फिकट करड्या रंगाचा, चमक नसलेला सनमायका लावला. चकचकीत पांढरा घेतला असता तर दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांत आले असते, आणि गडद रंगावर काळा ट्रान्झिस्टर दिसत नाही. कडेला लावलेली पट्टी पृष्ठभागापेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवल्यामुळे स्क्रू घरंगळून खाली पडत नाहीत, मात्र समोरच्या बाजूची पट्टी मनगटाला टोचते, म्हणून तिथे ती घासून गोल करून घ्यावी लागली. आमच्या इमारतीत जुन्या पद्धतीची मोझॅकची फरशी आहे. बोर्डाच्या पृष्ठभागावर थेट बसणारा, दोन मिलिमीटर लांबीचा एसएमडी रेझिस्टर त्या ठिपक्यांत पडला की तो गेला असेच समजावे. खुर्चीखाली एक साधी, एकरंगी सतरंजी अंथरल्यापासून हे नुकसान बरेच कमी झाले.

वायरिंगचे काम मात्र सवडीने आणि नीट समजून करून घ्यावे. अशा टेबलाचा भार फार नसतो, कारण सोल्डरिंग स्टेशन, पॉवर सप्लाय, स्कोप आणि दिवे मिळूनही तो पाचशे वॅटच्या आतच राहतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण दोन अँपिअर. त्यामुळे ६ अँपिअरचे प्लग पुरेसे होतात. खरा प्रश्न अर्थिंगचा आणि एका हाताने सगळे बंद करता येण्याचा असतो. मी टेबलापुरता स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेल्यास पुरवठा तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा) बसवून घेतला असून मुख्य बटण टेबलाच्या डाव्या कडेला, दरवाजाच्या बाजूस आहे. मला शॉक बसला तर घरातील दुसऱ्या माणसाने माझ्या अंगावरून, वायरींवरून हात नेऊन बटण शोधावे अशी वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

अर्थिंग तपासताना मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. डिजिटल मीटर नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या अर्थ वायरवरही तो आकडा चांगलाच दाखवतो. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्यक्ष भार टाकूनच तपासणी करून घ्यावी. आमच्याकडे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा जोडताक्षणी आरसीसीबी पडला, म्हणजे त्याने पुरवठा तोडला, आणि तेच आम्हांला हवे होते.

यानंतर सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू म्हणजे दुरुस्तीच्या वस्तूच्या वाटेत एक दिवा जोडणारा सिरीज लॅम्पचा बोर्ड. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक प्लग पॉइंट आणि एक बटण एवढीच त्याची रचना असते, आणि दुरुस्तीला आलेली वस्तू पहिल्यांदा नेहमी याच्यातूनच चालू करायची असते. दिवा मात्र जुन्या पद्धतीचा, फिलामेंटचाच हवा, कारण सगळी गंमत त्या फिलामेंटच्या रोधात आहे. १०० वॅटच्या दिव्याचा रोध पूर्ण पेटलेला असताना सुमारे ५३० ओहम असतो, थंड असताना तो त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो. वस्तू निर्दोष असेल तर ती थोडाच प्रवाह घेते, दिवा थंड राहतो आणि जवळजवळ सगळा दाब वस्तूला मिळतो. आत शॉर्ट असेल तर दिवा झगझगीत पेटतो आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही आत रोखला जातो, त्यामुळे नव्याने बसवलेला महागडा आयजीबीटी (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) वाचतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. ६०, १०० आणि २०० वॅटचे फिलामेंट दिवे हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असे नाही, म्हणून दिसतील तेव्हा दोन-दोन घेऊन ठेवावेत.

त्याच्या शेजारी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे वस्तूला घरातील विजेपासून आणि अर्थिंगपासून वेगळे ठेवून वीज देणारा. जुन्या बाजारात रविवारी तांब्याच्या वजनावर विकले जाणारे जड ट्रान्सफॉर्मर पाहायला मिळतात, पण त्यांतील इन्सुलेशनचा भरवसा नसल्यामुळे हा मी नवीनच गुंडाळून घेतला. स्कोपच्या प्रोबची (मोजण्यासाठी लावायच्या वायरीची) काळी क्लिप आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते, ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) प्राथमिक, म्हणजे घरातील विजेला जोडलेल्या बाजूस स्कोप लावूच नये. मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला ती क्लिप लावली की ब्रिजमधून (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांतून) फेज सरळ अर्थला मिळतो आणि ठिणगीसह प्रोब, ब्रिज, कधी स्कोपही जातो. यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थची पिन कापून टाकणारे अनेक कारागीर मी पाहिले आहेत. असे केल्याने स्कोपचे सगळे धातूचे भाग फेजवर येऊ शकतात, म्हणून ही पद्धत कितीही रूढ असली तरी ती घातकच आहे. स्कोप अर्थिंगवरच ठेवावा आणि दुरुस्तीची वस्तू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून चालवावी. तसे करताना एक भान मात्र हवे, की या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आरसीसीबीचे संरक्षण उरत नाही. दोन्ही वायरींना एकदम हात लागला तर तो पडणार नाही. सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारलेला कपॅसिटर रिकामा करण्यासाठी १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून टेबलाच्या बाजूला टांगून ठेवला आहे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय त्यामुळे लागत नाही.

सोल्डरिंगसाठी पूर्वीचा साधा २५ वॅटचा आयर्न अजून खणात आहे आणि जाड वायरी टिनिंग करायला (त्यांवर सोल्डरचा थर चढवायला) तो चांगलाच आहे. रोजच्या कामाला टी१२ प्रकारच्या बिटांचे (आयर्नच्या बदलता येणाऱ्या टोकांचे) स्टेशन घेतले. या प्रकारात हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर बिटच्या आतच असल्यामुळे मोठ्या ग्राउंड प्लेनवर (बोर्डावरील तांब्याच्या सलग थरावर) टेकवल्यावरही तापमान चटकन सावरते. संचाबरोबर आलेल्या टोकदार बिटांना मी सहसा हात लावत नाही. २.४ मिलिमीटरच्या चपट्या बिटने जवळजवळ सगळी कामे होतात, कारण उष्णता पोहोचवायला टोक नव्हे तर स्पर्शाचे क्षेत्रफळ लागते. सोल्डर कथील आणि शिसे ६३/३७ प्रमाणाचे वापरते. ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे जोड थंड होताना हलून खराब होण्याची शक्यता कमी होते. स्टेशन ३३० ते ३५० अंशांवर पुरते. स्वस्त स्टेशनांच्या बाबतीत एक तपासणी दुकानातच करावी : बिटचे टोक आणि प्लगची अर्थ पिन यांच्यातील रोध मीटरने पाहावा. तो काही ओहमच असायला हवा. मी पाहिलेल्या एका नमुन्यात तो जोडलेलाच नव्हता, आणि अशा वेळी आतील एसएमपीएसच्या फिल्टर कपॅसिटरमुळे बिटवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह क्षुल्लक असतो, पण मॉसफेट प्रकारच्या नाजूक ट्रान्झिस्टरचे गेट बिघडवायला तो पुरेसा आहे.

धुराकडे दुर्लक्ष करू नये. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर असतो तो सोल्डर नीट पसरावे म्हणून त्यात असलेल्या रोझिन फ्लक्सचा आणि त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो. शिसे शरीरात जाते ते हातांवाटे, म्हणून टेबलावर चहाचा कप येऊ द्यायचा नाही आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढा नियम पाळला जातो. धुरासाठी कोळशाच्या फिल्टरचा टेबलावरचा पंखा काही आठवडे वापरला, पण त्यातून वास पुरता जात नव्हता. आता १२० मिलिमीटरचा संगणकातला पंखा आणि लवचीक नळी यांनी धूर खिडकीबाहेर जातो. पावसाळ्यात पश्चिमेची झड आत येते, तेव्हा नळीचे तोंड बाहेरून खाली वळवलेले असले पाहिजे.

प्रकाशासाठी फळीच्या खाली, समोरच्या कडेलगत, ४००० केल्व्हिनची चार फुटी एलईडी पट्टी आहे. ती डोक्याच्या मागे न लावता पुढे लावली, की स्वतःच्याच डोक्याची सावली कामावर पडत नाही. दिवा निवडताना वॅटपेक्षा रंगांची अचूकता पाहावी आणि सीआरआय (या अचूकतेचा आकडा) ९० च्या आसपास असलेला घ्यावा. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली रेझिस्टरवरील तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्ट्या सारख्याच दिसू लागतात आणि गुणकाच्या पट्टीत एका रंगाची चूक म्हणजे दहापटीचा फरक. जोडीला ५ डायॉप्टरचे भिंगाचे दिवे मिळतात, तेवढे पुरे.

मीटर, पॉवर सप्लाय, स्कोप या क्रमानेच या तिन्ही वस्तू वापरल्या जातात. मीटरमध्ये एचआरसी फ्यूज (मोठा प्रवाहही सुरक्षितपणे तोडणारा) आहे की काचेचा, एवढे उघडून पाहावे. ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा लिनिअर सप्लाय जड आहे आणि रात्रीच्या शांततेत त्याचा पंखा जाणवतो, पण प्रवाहाची मर्यादा ठरवता येण्याची सोय सिरीज लॅम्पइतकीच मोलाची आहे. फक्त त्याच्या आउटपुटवरील कपॅसिटर मर्यादेला जुमानत नाही, तेव्हा एलईडी जोडण्याआधी व्होल्टेज शून्यावर आणावे. ५० मेगाहर्ट्झचा स्कोप माझ्या कामाला पुरून उरतो. प्रोब मात्र १०एक्सवरच (संकेत दहापट कमी करणाऱ्या खुणेवरच) ठेवावा, कारण १एक्सवर बहुतेक प्रोब सहा मेगाहर्ट्झच्या आसपासच दम तोडतात आणि महागड्या स्कोपचा काही उपयोग राहत नाही.

स्थितिक विजेसाठीची रबरी मॅट घेताना फसगत होण्याचा संभव आहे. निळ्या सिलिकॉनच्या मॅट उष्णता सहन करतात, पण त्यांतील बऱ्याचशा विजेच्या दृष्टीने निव्वळ इन्सुलेटर असतात. दोन थरांची, १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून अर्थिंगला जोडायची मॅटच खरी. पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तिची गरज सर्वांत जास्त भासते, पावसाळ्यात ती जवळजवळ विसरली जाते. तिच्यावरील फ्लक्सचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतात, भाजल्याचे निघत नाहीत.

सुटे भाग बुधवार पेठेत आणि वायरी, बटणे, होल्डर तपकीर गल्लीत, अशी माझी विभागणी आहे. १० ओहम ते १ मेगाओहमपर्यंत ई१२ मालिकेचे (दर दहापटीत बारा ठरावीक मूल्ये असलेले) ६१ मूल्यांचे रेझिस्टर एकदाच घेऊन, मूल्य लिहिलेल्या झिप पिशव्यांत उभे लावून ठेवले. छोट्या खणांच्या प्लॅस्टिकच्या कपाटापेक्षा ही व्यवस्था जागा कमी घेते आणि शोधायला सोपी पडते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा मात्र साठा करू नये, ते न वापरताही जुने होतात. घेताना १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्यावेत आणि नावाजलेल्या कंपनीचा शिक्का असलेला पण वजनाला हलका लागणारा नग परत करावा.

टेबलात बदल करायचा झाला तर तो खणांचा. लाकडी खण पावसाळ्यात फुगून अडकतात, म्हणून त्यांना लोखंडी चॅनेल लावून घेणार आहे, आणि पक्कड, कटर यांना गंज चढू नये यासाठी सिलिका जेलच्या पुड्या आतापासूनच ठेवल्या आहेत. हॉट एअर स्टेशन अजून घेतलेले नाही. त्याच्या सातशे वॅटला वायरिंग पुरेसे आहे, पण त्याच्या झोताने शेजारच्या पिशव्या वितळतील. त्यासाठी उजवीकडे दीड फूट मोकळी जागा लागेल, आणि ती सध्या दुरुस्तीसाठी आलेल्या दोन अ‍ॅम्प्लिफायरांनी अडवली आहे.