हिपॅटायटिस सीची रक्ततपासणी: कार्डापासून व्हायरल लोडपर्यंत

बाबा डायलिसिसवर आहेत, त्यामुळे अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीच्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधणारी तपासणी) दर सहा महिन्यांनी होतेच. मागच्या वर्षी ती पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून या आजाराच्या सगळ्याच तपासण्या जवळून पाहिल्या. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी लिहितोय.

या अँटीबॉडीची कार्ड टेस्ट स्वस्त, निकाल अर्ध्या तासाच्या आत. बाबांच्या कार्डावर कंट्रोलची (कार्ड नीट चाललंय हे दाखवणारी) रेघ ठळक होती आणि टेस्टची इतकी पुसट, की टेक्निशियनताईंनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच धरतात. पण विषाणू शरीरात कधीतरी शिरला असावा, एवढाच तिचा अर्थ. आजही तो रक्तात आहे का, ते आरएनए तपासणीतच कळतं, म्हणजे व्हायरल लोडमध्ये (रक्तात विषाणू किती, ते मोजणारी तपासणी). काही जणांचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच जातो. म्हणून नुसत्या कार्डावरून हातपाय गाळू नका.

निगेटिव्ह कार्डावरही डोळे झाकून विसंबू नका. लागण झाल्यावर अँटीबॉडी दिसायला दोन-तीन महिने जाऊ शकतात, डायलिसिसवाल्यांत कधी दिसतही नाहीत. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) विनाकारण वाढला असेल, तर डॉक्टरांना आरएनएबद्दल जरूर विचारा.

खासगी लॅबमध्ये व्हायरल लोड खिशाला जड जातो. 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी उपचार केंद्रांवर तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत, हे फार लोकांना माहीतच नसतं! आमचं सगळं तिथेच झालं. सँपल बाहेर जायचं, रिपोर्टची वाट पाहणं जिवावर यायचं, तेवढी एक तक्रार. गोव्याच्या कंपनीचं आरएनए तपासणारं ट्रूनॅट मशीन जिथे आहे, तिथे हे काम जागेवरच होतं.

12 आठवडे गोळ्या, त्यानंतर आणखी 12 आठवडे थांबून पुन्हा आरएनए. रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं वाचलं आणि आई देवापुढे जाऊन बसली.

खरा मनस्ताप पुढे झाला. डायलिसिस सेंटर बदललं, तिथे कार्ड केलं, अर्थातच पॉझिटिव्ह, आणि बाबांची रवानगी थेट लागण असलेल्यांच्या वेगळ्या मशीनवर! अँटीबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतात, हे तिथे आम्हाला समजावून सांगावं लागलं. औषधाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आरएनए रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, मोबाइलमध्येही फोटो असू द्या.

आणि हा आजार पुन्हा होऊ शकतो, एकदा झाल्याने संरक्षण मिळत नाही. त्यामुळे बाबांचं कार्ड आता बंद, दर सहा महिन्यांनी थेट आरएनएच करतो.