बोस्नियाची शांतता: व्हान्स-ओवेन योजना आणि डेटन करार

बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या समाजांमधील बोस्नियाच्या युद्धात (१९९२-९५) सुमारे १ लाख माणसे मारली गेली. ते थांबवण्यासाठी जानेवारी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मध्यस्थ सायरस व्हान्स आणि डेव्हिड ओवेन यांनी मांडलेल्या योजनेत देशाचे १० प्रांत होते आणि कोणत्याही समाजाला सलग, स्वतंत्र भूभाग मिळणार नव्हता. सर्ब फौजांना जिंकलेल्या प्रदेशातून मोठी माघार घ्यावी लागणार होती. म्हणूनच बोस्नियन सर्बांचे नेते राडोवान काराजिच यांनी अथेन्समध्ये सही करूनही बोस्नियन सर्बांच्या विधानसभेने ती फेटाळली. अमेरिकाही ती बळाने लादण्यासाठी सैन्य पाठवायला तयार नव्हती.

अमेरिकेतील डेटन शहरात ठरलेल्या आणि डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिस येथे स्वाक्षऱ्या झालेल्या डेटन करारामागे नाटोचे सुमारे ६० हजार सैनिक होते आणि युद्ध खरोखर थांबले. हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. परंतु त्याने ४९ टक्के भूभागावर ‘रिपब्लिका सर्प्स्का’ या सर्बांच्या स्वायत्त घटकाला मान्यता दिली, आणि त्याच भूभागात ते स्रेब्रेनित्सा आहे, जिथे करारापूर्वी जुलै १९९५ मध्ये ८ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलगे मारले गेले. शिवाय देशाचे अध्यक्षमंडळ बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट यांच्यापुरतेच राखीव राहिल्याने ज्यू व रोमा नागरिक उमेदवारीलाही अपात्र ठरले; युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये हा भेदभाव ठरवला.

माझ्या मते आराखडा म्हणून पहिली योजना अधिक न्याय्य होती. ती लादण्याची इच्छाशक्ती १९९३ मध्येच दाखवली गेली असती, तर स्रेब्रेनित्सा कदाचित टळले असते.